आधी सा विचारा

बऱ्याच स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलासमोर एक तक्ता चिकटवलेला असतो. तळाशी पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, डाव्या टोकाला २७.५ हर्ट्झ आणि उजव्या टोकाला ४,१८६. त्यांच्या वर एकाखाली एक आडव्या रेघा: बास गिटार ४१ हर्ट्झपासून, गिटार ८२ पासून, व्हायोलिन १९६ पासून. प्रत्येक रेघ आधी गडद, मग फिकी. गडद भाग म्हणजे त्या वाद्यावर वाजणारे मूळ स्वर. फिका भाग म्हणजे त्या स्वरांबरोबर आपोआप उठणारे उपस्वर. नव्याने शिकणाऱ्याला हा तक्ता फार धीर देतो. वाद्याचा पत्ता हातात आला, आता थेट त्या घरी जाऊन आवाज दुरुस्त करायचा, असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

समोर एखादा अभंग आला की मात्र तक्ता अपुरा पडतो. गळा आहे, दोन तानपुरे आहेत, पेटी, तबला-डग्गा, पखवाज, टाळ आणि मागे चार जणांचं धृपद. यातलं बहुतेक काही त्या तक्त्यावर नसतं. रेघा वाढवून ही उणीव भरून काढता येईल. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सगळा मेळ गायकाच्या षड्जाला बांधलेला असतो. गायक बदलला की तानपुऱ्याच्या खुंट्या फिरतात, तबल्यावर हातोडी पडते, पखवाजाची कणीक कमी-जास्त होते. म्हणजे घरंच जागा बदलतात. छापील पत्ता घेऊन निघालेला माणूस मग भलत्याच दारावर थाप मारतो. म्हणून मी आता कोणतीही खुंटी फिरवण्याआधी एकच प्रश्न विचारतो: सा कुठला?

ज्या साधनाबद्दल बोलतो आहोत ते इक्वलायझर. सगळे त्याला नुसतं ईक्यू म्हणतात. हे नाव टेलिफोनच्या तारांवरून आलं. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या वरच्या कंपनसंख्या खालच्यांपेक्षा जास्त झिजत. पलीकडे त्या पुन्हा उचलून आवाज मूळच्यासारखा समान करायचा, म्हणून ते ‘समान करणारं’ यंत्र. स्टुडिओत ते रुळलं, १९५१ साली पल्टेक या कंपनीचं प्रसिद्ध यंत्र आलं. पुढच्याच वर्षी पीटर बॅक्सँडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात बेस आणि ट्रेबल या दोन खुंट्यांचं सर्किट छापलं आणि ते पुढे घरोघरच्या अँप्लिफायरवर जाऊन बसलं. १९७२ साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी पॅरामेट्रिक ईक्यूवर निबंध मांडला. त्यात तीन गोष्टी सुट्या केल्या होत्या: कुठे हात घालायचा, किती उचलायचं किंवा उतरवायचं, आणि त्या जागेच्या आजूबाजूचा किती पट्टा सोबत हलवायचा. आज मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्येही याच तीन खुंट्या असतात. यंत्राचं काम एवढंच. कुठे हात घालायचा हे ते सांगत नाही.

समजा आपला गायक काळी एकचा आहे, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. त्याचा मध्य सप्तकातला सा सुमारे १३८.६ हर्ट्झचा. सप्तक म्हणजे दुप्पट, म्हणून तार सा २७७ आणि मंद्र सा ६९. पंचम हा षड्जाच्या दीडपट, म्हणून मध्य पंचम २०८ आणि मंद्र पंचम १०४. मंद्र मध्यम ९२ च्या आसपास. हे आकडे कागदाच्या तुकड्यावर लिहून समोर ठेवायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत तयार होणारा तक्ता फक्त या एका गाण्याचा असतो. काळी चारची गायिका आली, तर तिचा मध्य सा २०८ चा, मंद्र पंचम १५६ चा. दोघांसाठी एकच बेतलेला ईक्यू वापरणं म्हणजे दोघांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखं आहे.

याचा पहिला उपयोग लो कटसाठी होतो. गळ्याच्या ट्रॅकवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, हा सल्ला सर्रास दिला जातो. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या गाड्या, माइकच्या स्टँडला लागलेला पाय हे सगळं त्या भागात असतं, त्यामुळे सल्ला चुकीचा नाही. काळी चारच्या गायिकेला तर १२० पर्यंत कापलं तरी धक्का लागत नाही. पण काळी एकचा गायक आलापात मंद्र मध्यमापर्यंत उतरला, तर त्या स्वराचा पाया ९२ वर आहे. १०० वर कात्री चालवली की बरोबर तो स्वर पातळ होतो. गायकाने श्वास राखून, गळा सैल सोडून लावलेला तो स्वर असतो, आणि आपण सवयीने त्याचे पाय कापतो. तिथे लो कट ७० च्या आसपास ठेवावा. माइकच्या फार जवळ गाऊन तळ फुगला असेल, तर दीडशे-दोनशेच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवावं.

विजेच्या गुणगुणीचंही असंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग बिघडलं की ५०, १००, १५० असे सूर ध्वनिमुद्रणात शिरतात. १०० ची गुणगुण आणि आपल्या गायकाचा १०४ चा मंद्र पंचम यांत पुरता अर्धा स्वरही नाही. पट्टा रुंद ठेवून १०० वर खड्डा पाडला की गुणगुणीबरोबर पंचमही गेला. खड्डा सुईच्या टोकाएवढा अरुंद हवा. त्याहून बरं म्हणजे मुद्रणाच्या आधीच ती खराब वायर शोधणं.

आता तानपुरा. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेलं हे वाद्य. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चार तारा, पण ऐकू येतात त्याहून कितीतरी जास्त सूर. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी लावलेली असते. तार घोडीला हलकेच चाटत कंप पावते आणि उपस्वरांची अख्खी रांग उजळून निघते. खर्जाची तार ६९ हर्ट्झवर लावली, की तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सूर उठतात. पाचपट म्हणजे ३४६. हाच तो स्वयंभू गंधार. कोणी छेडलेला नाही, तरी तानपुरा जुळला की तो दिसू लागतो, आणि जुळवणारा डोळे मिटून त्याचीच वाट पाहत असतो.

आता तक्त्याखालची टीप वाचा. अशा तक्त्यांखाली ‘३०० ते ४०० या भागात आवाज गढूळ होतो, तिथे कापा’ असं हमखास लिहिलेलं असतं. गिटार आणि पियानोच्या दाटीत ते खरंही असेल. पण तानपुऱ्यावर ३५० च्या आसपास रुंद खड्डा पाडला, तर आपण नेमका गंधार पुसला. उरते ती नुसती झणझण. तानपुरा फार वाटत असेल तर त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी, खाली घ्यावा, हवा तर अगदी तळाचा आणि अगदी वरचा भाग हलका उतार देऊन कमी करावा. मधे चिमटे काढू नयेत. या वाद्याचं सगळं सौंदर्य उपस्वरांच्या आपसातल्या प्रमाणात आहे.

तबल्याच्या बाबतीत आपल्याला एक मोठा वाटाड्या लाभला आहे. चामड्याचं साधं गोल वाद्य वाजवलं तर त्याचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत, म्हणून ढोल कितीही ताणला तरी त्यातून स्वच्छ ‘सा’ निघत नाही. तबल्यातून तो निघतो. का निघतो, हे सी. व्ही. रामन यांनी शोधलं. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुडीच्या मधोमध थर देऊन घोटलेली शाई चामड्याचं वजन असं वाटते, की विस्कळीत उपस्वर सरकून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा पायऱ्यांवर येऊन बसतात. आपल्या कारागिरांच्या हातांनी कानाच्या भरवशावर केलेली ही कामगिरी मला आजही थक्क करते. मिश्रणासाठी त्यातून अर्थ निघतो तो असा: तबल्याचा सूर कुठल्या तरी एका कंपनसंख्येवर बसलेला नसतो, तो या पायऱ्यांच्या मिळून होण्यात असतो. तबला सुरात वाटत नसेल तर ईक्यूने तो सुरात येणार नाही, हातोडीच लागेल. चाटेवरच्या ‘ना’ची ठणक मात्र वेगळी. ती दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंतच्या भागात असते आणि तिथे थोडी उचल दिली तर बोल स्पष्ट होतात.

डग्ग्याचा घुमारा साधारण ७० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात फिरतो. मनगट दाबलं की तो वर सरकतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापली की तिचं वजन वाढतं, कंप सावकाश होतात आणि सूर खोल उतरतो. म्हणजे तळमजल्यावर आता चार जण आहेत: डग्गा, पखवाज, तानपुऱ्याचा खर्ज आणि गायकाचा मंद्र. इथे कोणाला राहू द्यायचं हे ठरवावंच लागतं. अभंगात मी तळ पखवाजाला देतो. डग्ग्याचा ८० च्या खालचा भाग कमी करतो आणि त्याचा घुमारा १२० च्या आसपास किंचित उचलतो. ठुमरी असती तर उलट केलं असतं.

सगळ्यात अवघड जोडी गळा आणि पेटी. तक्ता पाहून दोन वाद्यं वेगळी करता येतात ती त्यांचे स्वर वेगळे असतील तेव्हा. पेटीवाला तर साथ करतो, म्हणजे गायक जो स्वर लावेल तोच तो धरतो. गायकाचा मूळ स्वर १३८ वर, पेटीचाही १३८ वर. उपस्वर २७७, ४१६, ५५४, दोघांचेही तेच. इथे पत्तेच एक आहेत, त्यामुळे पत्त्यावरून वाटणी करता येत नाही. वाटणी करायची ती शब्दांवरून, कारण शब्द फक्त गळ्याकडे आहेत.

शब्द कुठे राहतात? आ, ई यांसारख्या भाषेतल्या स्वरांची ओळख खालच्या भागात होते. ‘आ’ ओळखू येतो तो सुमारे ७०० आणि ११००-१२०० च्या भागातल्या जोरावरून. ‘ई’साठी एक जोर ३०० च्या आसपास आणि दुसरा २,२०० च्या वर लागतो. व्यंजनं बहुतेक वरच्या भागात असतात. त आणि ट, द आणि ड यांतला फरक दीड-दोन हजारांच्या वरच्या क्षणभराच्या स्फोटात असतो. स ची सळसळ पाच हजारांच्या वर, श ची त्याच्या खालून सुरू होणारी. मराठीला तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे. दुसरा दातांवरून येतो आणि त्याच्या पोटात स दडलेला असतो. स ची सळसळ दाबणारं यंत्र जोरात लावलं की हा दंत्य च आणि त्याचा भाऊ दंत्य ज बोबडे होतात आणि गायक मराठी नाही की काय अशी शंका येते. संतांच्या शब्दांवर उभ्या असलेल्या गाण्यात हे चालणार नाही.

आपला कानही व्यंजनांच्या याच भागाचा पक्षपाती आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब आणि आतल्या बाजूने पडद्याने बंद. अशी नळी ३,४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवून पडद्यापर्यंत पोचवते. म्हणून दोन ते पाच हजारांच्या भागात हलकासा बदलही लगेच कळतो आणि थोडा अतिरेकही टोचतो. पेटीच्या पितळी सुरांचे उपस्वर नेमके इथे दाटलेले असतात आणि टाळही इथेच खणखणतात. पेटीला अडीच-तीन हजारांच्या आसपास रुंद पट्ट्यात तीन डेसिबल उतरवलं, तर पेटी ऐकणाऱ्याला काही गेल्यासारखं वाटत नाही, पण गळ्यातले शब्द पुढे येतात. गळ्याला हातही लावलेला नसतो.

मुद्रणाआधी विचारलं तर त्याहून सोपा उपाय हाती लागतो. बऱ्याच खर्ज-नर पेट्यांत एक खुंटी आत ढकलली की खालच्या सप्तकाचा संच बंद होतो. पेटीवादकाला अंतऱ्यापुरता खर्ज बंद ठेवा म्हणून विनंती केली, तर तळमजल्यावरची अर्धी गर्दी तिथेच कमी होते. पूर्वी एकाच माइकवर मुद्रण होई तेव्हा कोणाला किती लांब बसवायचं यावरच सगळं मिश्रण ठरत असे. ते शहाणपण मला अजूनही यंत्रापेक्षा वरचं वाटतं.

खालचा आवाज कमी केल्याने वरचे शब्द का उलगडतात, याचंही कारण कानातच आहे. १९२४ साली वेगेल आणि लेन या बेल कंपनीच्या संशोधकांनी एक आवाज दुसऱ्याला कसा झाकतो हे मोजलं. मोठा खालचा आवाज वरच्या आवाजांना सहज झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. पखवाजाची २०० च्या आसपासची घुमघुम मोकाट सोडली, तर ती स्वतःच्या घरापुरती राहत नाही, वरच्या मजल्यावरच्या पेटीवर आणि गळ्यावरही सावली टाकते. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून तीन हजारांवर उचल देणाऱ्याने आधी दोनशेच्या आसपास पाहावं.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा कोणीही उठत नाही. प्रत्येक जण दोन बोटं सरकतो. मिश्रणातही असंच करावं लागतं. पेटीकडून तीन डेसिबल, टाळांकडून चार हजारांवर दोन, धृपदाच्या आवाजांकडून गळ्याच्या भागात दोन, तानपुऱ्याकडून फेडरचा एखादा. कोणाचंही व्यक्तिमत्त्व जात नाही आणि गायकाला जागा होते. एकट्या गळ्याला आठ डेसिबल उचलून जागा करायला गेलं, तर तो बाकावर उभा राहिल्यासारखा दिसतो.

आकड्यांच्या जोडीला आपल्या भाषेतली विशेषणंही कामी येतात. गायक कधी ‘माझं चारशे हर्ट्झ जास्त झालं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, आवाज डब्यातून येतोय, तेव्हा मी ३०० ते ५०० पाहतो. नाकातला वाटतोय म्हणाला तर हजाराच्या आसपास. टोचतोय म्हणाला तर अडीच ते चार हजार. बोथट म्हणाला तर त्याच भागात उलट्या दिशेने. भरीव नाही म्हणाला तर त्याच्या सा आणि पंचमाच्या मधे, म्हणजे या गायकासाठी १३८ ते २०८. शेवटच्या या दुरुस्तीत सा ठाऊक नसेल तर नुसता अंदाजच उरतो.

दोन सापळे ओळखून असावेत. पहिला: उचल दिली की आवाज थोडा मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून बदलाच्या आधीचं आणि नंतरचं एकाच पातळीवर आणून ऐकावं. निम्मे बदल तिथेच परत घ्यावेसे वाटतात. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवलं तसं, हळू आवाजात कानाला तळ कमी ऐकू येतो, म्हणून मोठ्याने बसवलेलं मिश्रण घरी हळू लावलं की पोकळ भासतं. दोन्ही पातळ्यांवर ऐकावं. दुसरा सापळा खोलीचा. ६९ हर्ट्झची लाट सुमारे पाच मीटर लांब असते आणि आपले बरेच स्टुडिओ दहा बाय बाराच्या खोलीत असतात. तिथे ठरावीक खालचे सूर भिंतींत अडकून फुगतात, काही नाहीसे होतात. खुर्ची दोन फूट मागे घेतली की पखवाज बदलतो. अशा खोलीत तळाचे निर्णय हेडफोनवर तपासूनच घ्यावेत.

सगळं झाल्यावर मी गाणं मोबाइलवर लावतो, कारण बहुतेक जण ते तिथेच ऐकणार. त्या चिमुकल्या स्पीकरमधून तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. काळी एकचं अख्खं मध्य सप्तक, मूळ सुरांपुरता, त्या रेषेच्या खाली आहे. तरी गाणं त्याच सुरात ऐकू येतं, कारण २७७, ४१६, ५५४ ही रांग कानावर आली की मेंदू त्यांचं मूळ १३८ स्वतःच भरून काढतो. जुना टेलिफोन ३०० ते ३,४०० एवढ्याच पट्ट्यात बोलायचा, आणि तरीही पलीकडच्या पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटायचा, तो यामुळेच. पेटी, गळा, तानपुरा यांना ही मदत भरपूर मिळते. डग्ग्याला कमी, कारण त्याचा जोर तळातच एकवटलेला. मोबाइलवर त्याचा ‘घें’ गायब झाला असेल, तर ८० वर उचल देऊन उपयोग नाही. तो स्पीकर ती उचल वाजवूच शकत नाही. डग्ग्याच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन लावावं, म्हणजे ८० च्या सुरातून १६०, २४०, ३२० असे नवे उपस्वर तयार होतात, आणि मग अडीचशे-तीनशेच्या पट्ट्यात दोन डेसिबल द्यावेत. मोठ्या स्पीकरवर हा फरक जेमतेम कळतो. हातातल्या मोबाइलवर मात्र समेवरचा ‘घें’ पुन्हा ऐकू येतो.